रेडकू दगावलं तरी म्हैस पान्हावते कशी? (संप्रेरकं, माज आणि पिल्लांची माया)

करवीरकाठ

शेजारच्या धाग्यावर एकानं ठोकून दिलंय की "आईची माया वगैरे काही नसतं, सगळा ऑक्सिटोसिनचा खेळ." (ऑक्सिटोसिन हे एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन.) तिथं उत्तर टंकायला बसलो आणि ते मूळ लेखापेक्षा लांबायला लागलं, म्हणून हा वेगळा धागा. प्राणिशास्त्र शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आणि मामाचा गोठा वडणग्यात, त्यामुळं दोन्हीकडचं थोडं थोडं येणार.

गोठ्यापासूनच सुरू करतो. धार काढायच्या आधी रेडकाला दोन घोट पिऊ देतात, सड चोळतात, मग म्हैस पान्हा सोडते. आत घडतं ते असं: सडांना झालेला स्पर्श मज्जातंतूंतून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जातो. तिथून मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं, कासेत पोचतं, आणि दूध धरून ठेवणाऱ्या बारीक बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जातात. दूध खाली येतं. गाईच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध आधीच खाली उतरून थांबलेलं असतं. म्हशीत हे जेमतेम पाच टक्के. म्हणजे म्हैस पान्हावली नाही तर बादलीचा तळसुद्धा भिजत नाही.

आता मामाच्या एका म्हशीचं रेडकू व्याल्यावर थोड्याच दिवसांत दगावलं. मामी धारेला बसली की म्हैस पाय झाडते, कास आखडून धरते. मामा बसला आणि त्यानं चरवी दाव्याजवळ टेकवली की त्या आवाजालाच सडाच्या टोकाशी दूध दिसायला लागतं. रेडकू नाही, सडाला अजून बोटही लागलेलं नाही. मेंदूनं नुसत्या आवाजावर आणि माणसावर ऑक्सिटोसिन सोडलं. उलटंही होतं. नवा माणूस, अंगावर येणारं कुत्रं, चिरलेला सड, यातलं काही आडवं आलं की अ‍ॅड्रिनलिन चढतं. मग ऑक्सिटोसिन सुटत तरी नाही, किंवा कासेतल्या रक्तवाहिन्या आखडल्यामुळं धड पोचत तरी नाही.

म्हैस तीच, संप्रेरक तेच. ते कधी सुटणार हे मात्र धारेला कोण बसलंय, सवय काय आहे, भीती किती आहे यावर ठरतं. मला या धाग्यात एवढंच सांगायचंय की संप्रेरक आणि वागणूक यांच्यातला रस्ता दुहेरी आहे. संप्रेरकानं वागणूक बदलते हे खरं, पण वागणुकीनं, नजरेला पडलेल्या गोष्टीनं, शेजारी कोण आहे यानं संप्रेरक बदलतं हेही तितकंच खरं.

पहिली बाजू पक्की आहे, त्यावर वाद नको. १८४९ साली जर्मनीत ग्योटिंगेनला आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. दोन्ही वृषण काढलेले कोंबडे धड आरवेनात, झुंजेनात, कोंबड्यांकडे ढुंकून बघेनात, तुराही खुरटला. काहींच्या पोटात वृषण परत बसवला, पण भलत्याच जागी, जुन्या मज्जातंतूंशी संबंध नसलेला. ते कोंबडे झोकात आरवायला लागले. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. खच्ची केलेला बैल शांत होतो हे शेतकऱ्याला शेकडो वर्षं माहीत होतं, कारणाचा धागा मात्र इथं पहिल्यांदा हाताला लागला.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा प्रयोग. कधीही न व्यालेल्या उंदरीणीसमोर दुसरीची पिल्लं ठेवली तर ती आधी टाळते. पण रोज नवी पिल्लं ठेवत राहिलं तर आठवडाभरात ती त्यांना तोंडात धरून घरट्यात आणते, चाटते, अंगाखाली घेते. रोझेनब्लॅट यांनी १९६७ मध्ये हे दाखवलं. अंडाशय काढलेल्या माद्या आणि नरही असं करतात. पुढं टर्केल आणि रोझेनब्लॅट यांनी १९७२ मध्ये नुकत्याच व्यालेल्या उंदरीणीचं रक्त न व्यालेलीत फिरवलं. तिनं पिल्लं एका दिवसाच्या आत गोळा केली. म्हणजे बाळंतिणीच्या रक्तात काहीतरी आहेच. पण ते नसतानाही नुसत्या सहवासानं तेच वागणं येतं, फक्त उशिरा. संप्रेरकानं हा उशीर काढून टाकला. पिल्लू जन्मल्यावर आठवडाभर आईची वाट बघू शकत नाही, त्यामुळं हा उशीर निघणं गरजेचंच आहे.

तुमच्याकडं गोठा, कबुतरं, शेळ्या, रान जे काही असेल, त्यातलं बघितलेलं टाका.

वाचनमात्र

वाखू (वाचनखूण) साठवली. उंदरांचं रक्त फिरवायचं डोकं कुणाला कसं सुचतं देव जाणे.

धारोष्ण

नाद खुळा धागा. आमच्यात आज्ज्यापास्नं कोल्हापुरात गंगावेशीत म्हसरं उभी करायची रीत. पंढरपुरी म्हशी, शिंगं पार खांद्याच्या मागं गेल्याली. गिऱ्हाईक गलास घेऊन हुभं ऱ्हातंय, त्याच्यासमोर धार, फेसासकट प्यायचं. एकाच म्हशीची येळ बघून थोडी थोडी धार काढायची. गाड्या वाजत्यात, पोरं वरडत्यात, तिला कायसुदिक वाटत न्हाई. माझी मुऱ्हा तिथं नेऊन उभी केली तर थेंब देणार न्हाई, पैज लावतो.

रेडकू मेलं की आज्जा त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीम्होरं ठिवायचा. ती चाटायची आणि पान्हा सोडायची. आता ते कोण करत न्हाई, आता सुई. त्या इंजेक्शनाचं खरं काय ते सांगा की. ते दूध पिऊन पोरी लौकर वयात येत्यात म्हणत्यात.

गुरांचा_डॉक्टर

@धारोष्ण, पैज मी लावणार नाही, हरेन. पंढरपुरी म्हैस पान्ह्याला मोकळी असते हा तिचा नावाजलेला गुण आहे, आणि वर्षानुवर्षं तशाच म्हशी तुमच्या त्या दूध कट्ट्यासाठी निवडल्या गेल्या.

इंजेक्शनाबद्दल. ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे. रक्तात ते काही मिनिटंच टिकतं आणि तोंडावाटे गेलं तर पचनात तुटतं. मुली वयात येण्याशी त्याचा संबंध नाही, ती कामं इस्ट्रोजेनसारख्या वेगळ्या संप्रेरकांची. त्यामुळं ती भीती काढून टाका. पण म्हणून सुई चालते असं नाही. रोज टोचत राहिलं की जनावराचा स्वतःचा पान्हा मंदावतो, मग सुईशिवाय ती उभीच राहत नाही. गोठ्यात हे मी सारखं बघतो: "डॉक्टर, म्हैस बिघडली." म्हैस बिघडलेली नसते, तिला सुईची सवय लावलेली असते. हे औषध चिठ्ठीवरचं आहे. दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला अपाय होईल असं काहीही टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. वार अडकली, व्यायला अडली तर ते द्यायचं की नाही हे डॉक्टरनं बघून ठरवायचं.

दुसरी गोष्ट माजाची. म्हशीचा मुका माज ही आमची रोजची डोकेदुखी. गाय हंबरते, दुसरीवर चढते, सगळ्या वाड्याला कळतं. म्हशीत इस्ट्रोजेनची लाट तीच, एकवीस दिवसांचं चक्रही तेच, पण बाहेर दिसतं फार थोडं. थोडा सोट (चिकट स्राव), वारंवार लघवी, चाऱ्यावर मन नाही. त्यात बराचसा माज रात्री येऊन जातो. उन्हाळ्यात तर विचारूच नका. दिवस लहान व्हायला लागले, म्हणजे अंधारात सुटणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक रात्री जास्त वेळ वाहायला लागलं, की म्हशी मोकळ्या माजावर येतात. साधारण दहा महिने दहा दिवस पुढं मोजा, आपल्याकडं म्हशी पावसाळ्यापासून पुढं का वितात आणि थंडीत दूध का वाढतं ते कळेल. माणसाला पंचांग बघावं लागतं, म्हशीला अंधाराची लांबी पुरते.

करवीरकाठ

डॉक्टर, मस्त प्रतिसाद. सुईबद्दल एक भर. रक्तातलं ऑक्सिटोसिन मेंदूत फारसं शिरत नाही. इस्ट्रोजेन आधी दिलेल्या मेंढीच्या मेंदूत ते थेट सोडलं तेव्हा ती परक्या कोकराला चाटायला लागली. हे १९८७ चं काम. तेव्हा सुईनं कास मोकळी होते, रेडकाबद्दल म्हशीला जे वाटतं त्यात काही फरक पडत नाही. मेंदूत सुटणारं ऑक्सिटोसिन वेगळं आणि रक्तात सुटणारं वेगळं, हा फरक लोक हमखास विसरतात. बाळंतपणात मात्र दोन्ही एकदम सुटतात, कारण गर्भमुखावर पडलेला ताण मेंदूपर्यंत पोचतो.

पेठेतला_पारवा

आमच्या गच्चीवर खुराडी आहेत, तीन पिढ्यांचा नाद. कबुतरात नर दिवसा अंड्यावर बसतो, संध्याकाळी मादी बसते, आणि दोघंही पिल्लांना गळ्यातलं पांढरं घट्ट दूध भरवतात. नराला कसलं दूध, असं बघणारे हसतात. हे पण संप्रेरकच का?

करवीरकाठ

हो, प्रोलॅक्टिन. आणि गंमत म्हणजे १९३० च्या दशकात ऑस्कर रिडल यांनी प्रोलॅक्टिन ओळखलं, त्याला नाव दिलं, ते कबुतराच्या याच अन्नपिशवीचं अस्तर फुगतं का हे बघून. अंडी उबवायच्या शेवटच्या दिवसांत नर-मादी दोघांच्याही रक्तात ते चढतं, अस्तराच्या पेशी चरबी-प्रथिनांनी भरून सुटायला लागतात, पिल्लू फुटेपर्यंत जेवण तयार. अठराव्या दिवसाच्या आसपास खुराड्यात गळा भरलेला नर हातात घेऊन बघा, जाणवेल.

पण तुमच्या नादाच्या दृष्टीनं खरं भारी काम डॅनियल लेरमन यांचं, होल्यांवरचं. मादीला काचेपलीकडून नुसता घुमणारा, मान डोलावणारा नर दाखवला तरी तिचं अंडाशय वाढायला लागतं. खच्ची केलेला, न घुमणारा नर ठेवला तर तेवढं होत नाही. पुढं घरट्याचं सामान दिसलं की उबवायची तयारी, अंड्यावर बसलं की प्रोलॅक्टिन. एकेक वागणं पुढच्या संप्रेरकाला उठवतं आणि ते संप्रेरक पुढच्या वागण्याला. नंतर मे-फांग चेंग यांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली: मादी घरट्यावर बसून स्वतः जे घुमते, ते तिच्याच कानावर पडून तिच्या अंडाशयाला चालना मिळते. नर तिला घुमायला लावतो, पुढचं काम तिचा आवाज करतो.

पेठेतला_पारवा

आयला. जोड लावताना आम्ही दोन दिवस जाळीच्या दोन बाजूला ठेवतो, मग एकत्र सोडतो. वडिलांना कारण विचारलं तर म्हणायचे "ओळख होऊ दे." बरोबरच होते की मग.

तिरकस_तात्या

हे सगळं ठीक, पण "प्रेमाचं संप्रेरक" हे प्रकरण जरा अतीच फुगवलेलं वाटतं. ते अमेरिकेतले व्होल, एकपत्नीव्रती उंदीर. ऑक्सिटोसिन असलं की जोडी, नसलं की भटके. एवढ्यावर किती पुस्तकं खपली.

करवीरकाठ

तात्या, तुमच्या शंकेत दम आहे. आधी मूळ गोष्ट. प्रेअरी व्होल जोडीनं राहतो, त्याचा भाऊबंद कुरणी व्होल राहत नाही. रक्तातलं संप्रेरक दोघांत सारखंच, फरक मेंदूत त्याला पकडणारे ग्राही कुठं आणि किती आहेत यात. नरात महत्त्वाचं व्हॅसोप्रेसिन, ऑक्सिटोसिनच्याच जवळचं संप्रेरक. २००४ मध्ये कुरणी व्होलच्या मेंदूत त्याचे ग्राही वाढवले, तर तो भटका नर एकाच मादीला चिकटून बसायला लागला. सगळीकडं तेच छापून आलं.

मग जानेवारी २०२३ मध्ये दुसरं काम आलं. जनुक कापून ऑक्सिटोसिनचे ग्राहीच नसलेले प्रेअरी व्होल तयार केले. ते जोडी करणार नाहीत, पिल्लं सांभाळणार नाहीत अशी अपेक्षा. त्यांनी जोड्याही केल्या आणि पिल्लंही वाढवली. आधीचं सगळं चुकलं असा याचा अर्थ मी तरी काढत नाही. जन्मापासूनच तो रस्ता बंद असेल तर मेंदू दुसरी वाट काढतो, असं दिसतंय. पण "एक संप्रेरक, एक भावना" हे समीकरण मात्र गेलं. ते कधीच बरोबर नव्हतं म्हणा.

तिरकस_तात्या

चला, एकदा तरी शंका काढल्याबद्दल शिव्या मिळाल्या नाहीत.

कळंबा_दुर्बीण

पाणपक्षी बघणाऱ्यांकडून एक. कमळपक्ष्यात सगळं उलटं असतं. मादी मोठी, तीच इलाखा राखते, तीच भांडते, एकाहून जास्त नर ठेवते. अंडी घालून झाली की पुढचं सगळं नराकडं. पंखाखाली पिल्लं धरून चालणारा नर कांस्यपंखी कमळपक्ष्यात दिसतो. खालून नुसते पाय लोंबताना दिसतात, पहिल्यांदा बघणारा घाबरतो. मला वाटायचं मादीत टेस्टोस्टेरॉन नरापेक्षा जास्त असणार. तसं आहे का?

करवीरकाठ

नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण भारी. अशा उलट्या भूमिकांच्या पक्ष्यांत मोजलं गेलंय. आफ्रिकेतल्या काळ्या भारद्वाजात नरच अंडी उबवतो, तरी मादीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन नरापेक्षा जास्त नसतं. तिच्या मेंदूच्या एका भागात ते पकडणारे ग्राही मात्र नरापेक्षा जास्त. अमेरिकेतल्या कमळपक्ष्यातही मादीचं प्रमाण मीलनाच्या तयारीतल्या नरापेक्षा कमीच. उबवायला बसलेल्या नराचं टेस्टोस्टेरॉन खाली येतं, तेवढ्याच पातळीवर ती असते.

नर पक्ष्यात टेस्टोस्टेरॉन आणि बापपण यांची ओढाताण असतेच. जुंको नावाच्या छोट्या पक्ष्याच्या नरांना जास्तीचं टेस्टोस्टेरॉन दिलं तर ते जास्त गातात, लांबवर भटकतात, शेजारणींशी जास्त जुळवून घेतात, आणि घरट्यावर चारा कमी आणतात. त्यामुळं बहुतेक नर गरज असते तेवढाच वेळ ते वर ठेवतात: इलाखा मिळवताना, कुणी आव्हान दिलं तर.

घाटमाथा_भटक्या

आव्हानावरून हत्ती आठवला. आजरा-चंदगडकडं कर्नाटकातून येणारा टस्कर मस्तीत आला की वनखात्याची माणसं गावोगाव सांगत फिरतात, लांब राहा. डोळा आणि कान यांच्यामधून चिकट पाणी गळतं, सारखी लघवी टपकते, वास लांबून येतो.

करवीरकाठ

मस्तीत टेस्टोस्टेरॉन नेहमीच्या कित्येक पट चढतं. पण बघा, तेही एकट्या हत्तीच्या हातात नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग अभयारण्यात हत्तीची अनाथ पिल्लं नेऊन सोडली होती. ते नर तरणे झाले, थोर नर कुणी नव्हता, आणि वयाच्या फार आधी, फार लांबलेल्या मस्तीत आले. १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी ४० हून जास्त पांढरे गेंडे मारले. १९९८ मध्ये तिथल्याच क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून सहा थोर नर आणून सोडले. मोठ्यासमोर तरण्यांची मस्ती आखडली, गेंडे मरायचे थांबले. कुणी सुई टोचली नाही, औषध दिलं नाही.

पन्हाळ्याचा_वारा

वानरांचं घ्या की मग. टोळीत नवा नर आला की आधीची पिल्लं मारतो असं गडावर जुनी माणसं सांगतात. खरं का?

करवीरकाठ

खरं. आणि हे पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं ते आपल्या शेजारीच, धारवाडच्या रानात. जपानचे युकिमारू सुगियामा १९६० च्या दशकात तिथं वानरांच्या टोळ्यांमागं फिरत होते. यात संप्रेरकाची बाजू अशी: पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत आईचं अंडाशय दबलेलं राहतं, ती माजावर येत नाही. पिल्लू गेलं की ते दडपण उठतं आणि ती लवकर माजावर येते. नव्या नराला टोळीत किती दिवस मिळणार याचा नेम नसतो. या स्पष्टीकरणावर पुढं बरीच वर्षं वाद झाले, पण आज बहुतेक जण ते मानतात.

नर उंदीरही परकी पिल्लं मारतो. मीलन झालं की साधारण तीन आठवड्यांनी, म्हणजे त्याची स्वतःची पिल्लं जन्मायच्या सुमाराला, तोच नर पिल्लं चाटायला लागतो. त्याला दिवस कोण मोजून देतं? कॅथरीन डुलाक यांच्या गटानं २०१४ मध्ये मेंदूतल्या अशा पेशी दाखवल्या, नर-मादी दोघांतही असलेल्या. त्या चेतवल्या की मारायला उठलेला नर थांबून पिल्लाला चाटतो.

सासुरवाडी_सांगली

हे सगळं आमच्या ह्यांना वाचायला दिलं. बाळ झाल्यापासून रात्री उठतात त्याचं कारण टेस्टोस्टेरॉन उतरलं असं आहे का ;)

करवीरकाठ

:D फिलिपिन्समध्ये सेबू इथं सहाशेहून जास्त तरुणांना काही वर्षं तपासलं होतं, निकाल २०११ चा. बाप झालेल्यांचं उतरलं होतं, आणि जे मुलांचं जास्त करत होते त्यांचं जास्त कमी होतं. करत राहिल्यामुळं कमी की कमी झाल्यामुळं करतात, हे तुम्ही घरी बघून कळवा.

संपादक

माणसांवरची चर्चा इथंच थांबवू. मागच्या वेळी धागा बंद करावा लागला होता.

बांबवड्याची_शेळी

अडचण आहे, लवकर उत्तर हवंय. उस्मानाबादी शेळी आज पहाटे व्याली, जुळं. पाऊस फार होता म्हणून वडिलांनी पहिलं करडू लगेच घरात नेऊन पुसलं, शेगडीजवळ ठेवलं. तास-दीड तासानं आणलं तर शेळी त्याला ढुशा देते. दुसरं मात्र पाजते.

गुरांचा_डॉक्टर

आधी चिक. पहिल्या करडाला पोटात काही गेलंय का? नसेल तर शेळीचा चिक पिळून बाटलीनं आत्ता पाजा, बाकीचं नंतर.

करवीरकाठ

शेळी व्याल्यावर पहिली काही मिनिटं फार मोलाची. गर्भमुख ताणलं गेल्यावर मेंदूत ऑक्सिटोसिन सुटतं, आणि त्या वेळात ती ज्या करडाला चाटते त्याचा वास पक्का करते. १९६० च्या दशकातल्या प्रयोगांत पाच मिनिटं जरी करडू आईपाशी राहिलं तरी नंतर ती त्याला घ्यायची. जन्मताच उचलून तासाभरानं आणलं तर बहुतेक शेळ्या नाकारायच्या. तुमच्याकडं तेच झालंय. पुसल्यामुळं अंगावरचा वासही गेला.

गुरांचा_डॉक्टर

वार टाकली का? टाकली असेल आणि त्यातलं पाणी मिळत असेल तर ते करडाच्या पाठीला, शेपटीखाली चोळा. शेळी चाटताना शेपटीखालीच हुंगते. ते नसेल तर तिचाच चिक चोळा. दुसऱ्या करडाला अंगाला अंग घासून दोघांना एकत्र ठेवा. शेळीला आखूड दाव्यानं बांधा, कुणीतरी डोकं धरा, आणि दिवसातून चार-पाच वेळा करडाला सडाला लावा. मारू नका, ओरडू नका, पान्हा आखडेल. काही शेळ्या दोन-चार दिवसांत घेतात, काही घेतच नाहीत, मग बाटली.

बांबवड्याची_शेळी

वार अजून पडली नाही. चिक बाटलीनं पाजला, प्यालं. दुपारी बांधून लावतो आणि इथंच लिहितो.

गुरांचा_डॉक्टर

संध्याकाळपर्यंत वार पडली नाही तर ओढू नका, तिथल्या दवाखान्यात फोन करा.